पोलादी कॅलिपर आणि अस्सलपणाचे सोवळे

१

साहित्य आणि समीक्षेच्या या पानांवर सायकलच्या ब्रेकविषयी लिहिण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. जुन्या सायकली नव्याने उभ्या करण्याचा छंद इंग्लंड, अमेरिका, इटली येथे चांगलाच रुजलेला आहे आणि आपल्याकडेही त्याचे उपासक दिसू लागले आहेत. या छंदाची परिभाषा मात्र थेट आपल्या अभ्यासक्षेत्रातून उचललेली वाटावी अशी आहे. मूळ, अस्सल, प्रक्षिप्त, भ्रष्ट, कालसुसंगत असे शब्द या मंडळींच्या बोलण्यात इतक्या सहजतेने येतात की आपण पाठचिकित्सेवरील चर्चासत्रात येऊन बसलो आहोत की काय असे वाटावे. शब्द आपले आहेत, तेव्हा ते कसे वापरले जातात याची चौकशी करणेही आपल्याकडे येते. शिवाय एक फरक आहे. पोथीतला पाठ चुकीचा निवडला तर फार तर एखादा प्रबंध फसतो. ब्रेकची निवड चुकली तर रस्ता ओलांडणाऱ्या माणसाचे हाड मोडते.

वादाचा विषय असा. १९५० ते १९७० या काळातली एखादी इंग्लिश सायकल घ्या. उदाहरणादाखल नॉटिंगहॅमच्या रॅले कंपनीचे ‘स्पोर्ट्स’ हे मॉडेल घेऊ. सव्वीस इंची चाके, मागच्या हबमध्ये स्टर्मी-आर्चरचे तीन गिअर, क्रोमचा मुलामा दिलेल्या पोलादी रिम आणि त्यांवर दाबले जाणारे, पोलादी पत्र्यापासून घडवलेले कॅलिपर. हिची पुनर्बांधणी करताना कॅलिपर पोलादीच हवेत, तेही त्याच काळातले, त्याच कारखान्याचे, शक्यतो त्याच शिक्क्याचे, असा एक पंथ सांगतो. ॲल्युमिनियमचे कॅलिपर बसवणे हा त्यांच्या लेखी मजकुरात केलेला क्षेप आहे. या पंथाला आपण अस्सलवादी म्हणू.

आमचे म्हणणे आरंभीच सांगून टाकतो. जुने पोलादी कॅलिपर जपण्याला आमचा विरोध नाही. काचेच्या कपाटात किंवा संग्रहालयात उभ्या राहणाऱ्या सायकलीवर ते असलेच पाहिजेत. मात्र जी सायकल रस्त्यावर चालवायची आहे तिच्यावर केवळ ‘तेव्हा असेच होते’ म्हणून जुनी ब्रेकव्यवस्था जशीच्या तशी ठेवण्याचा आग्रह इतिहास म्हणून खोटा, सिद्धान्त म्हणून कच्चा आणि आचार म्हणून बेजबाबदार आहे.

२

प्रथम यंत्र समजून घेऊ, कारण या वादातील बराचसा गोंधळ ते न समजल्यामुळे झालेला आहे.

कॅलिपर म्हणजे चाकाला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरणारे दोन बाहू. हँडलवरची मूठ दाबली की वायर ताणली जाते, बाहू जवळ येतात आणि त्यांच्या टोकांची रबरे रिमच्या कडांवर घासतात. ही वायर ज्या तत्त्वावर चालते त्याचे पेटंट अर्नेस्ट मॉनिंग्टन बाउडेन यांनी १८९६ साली घेतले. (रॅले कंपनी नावारूपाला आणणारे फ्रँक बाउडेन हे वेगळे गृहस्थ, आडनावाच्या साम्यामुळे दोघांची नेहमी गल्लत होते.) आपल्याकडच्या काळ्या, उंच, अठ्ठावीस इंची सायकलींवर आपण पाहतो ती दांड्यांच्या ब्रेकची रीत याहून निराळी आहे. तिथे वायर नसते. दांड्यांची साखळी रबरांना वर खेचते आणि ती रिमच्या कडेवर न घासता आतल्या, हबकडील पृष्ठभागावर घासतात.

अस्सलवाद्यांचे प्रतिपक्षी, म्हणजे जुने काढा आणि नवे बसवा म्हणणारे सुधारक, सांगतात की पोलादी कॅलिपर वाकतात, पोलाद ‘मऊ’ पडते, म्हणून सायकल थांबत नाही. हे अज्ञान आहे. पोलादाचा ताठरपणा ॲल्युमिनियमच्या सुमारे तिप्पट असतो; वजनही सुमारे तिप्पट असते, हा भाग वेगळा. हे कॅलिपर लवतात ते धातूच्या दोषामुळे नव्हे. ते पातळ पत्र्याचे घडवलेले असतात आणि त्यांचे बाहू लांब असतात. मधल्या बोल्टपासून रबरापर्यंतचे अंतर वाढले की तीच मूठ तितक्याच जोराने दाबूनही रिमवर पडणारा दाब कमी होतो. तरफेचा हा नियम शाळेत शिकवला जातो. पोलादाचा एक गुण तर सुधारकांना ठाऊकच नसतो. रबराचे पुढचे टोक रिमला किंचित आधी टेकावे म्हणून पोलादी बाहू पान्याने हलकेच पिळता येतो. ॲल्युमिनियमच्या बाहूवर हा प्रयोग केला तर तो तडकण्याची भीती असते.

मग खरा दोष कुठे आहे? तो रिममध्ये आहे. क्रोमचा थर कठीण आणि गुळगुळीत असतो. कोरड्या हवेत त्यावर रबर बऱ्यापैकी पकड घेते. पाऊस पडला की रबर आणि क्रोम यांच्यामध्ये पाण्याचा पापुद्रा तयार होतो आणि तो पुसला जायला चाकाचे कितीतरी फेरे जावे लागतात. ॲल्युमिनियमचा पृष्ठभाग मऊ असल्याने रबराने तो बारीक खरवडला जातो आणि पाण्याचा थर त्यावर तितका टिकत नाही. व्हिट आणि विल्सन यांच्या ‘बायसिकलिंग सायन्स’ या १९७४ साली एमआयटी प्रेसने काढलेल्या ग्रंथात या प्रश्नाची सविस्तर चर्चा आहे. भिजल्यावर मुलामा दिलेल्या पोलादी रिमवरची पकड कोरड्या अवस्थेच्या कित्येक पटींनी घटते, हे त्यात मोजमापांच्या आधारे मांडले आहे. जुन्या सायकलींच्या दुरुस्तीवर विपुल लिहिणारे अमेरिकेतील शेल्डन ब्राउन (१९४४–२००८) हेही हयातभर हेच सांगत राहिले की अशा सायकलीत एकच सुधारणा करायची असेल तर ती पोलादी रिमच्या जागी ॲल्युमिनियमची रिम बसवण्याची करावी.

म्हणजे अस्सलवादी आणि सुधारक हे दोघेही कॅलिपरच्या दोन टोकांना धरून ओढाताण करीत आहेत आणि ज्या ठिकाणी रबर रिमला भेटते त्या ठिकाणाकडे कुणाचेच लक्ष नाही. एखाद्या संहितेची बांधणी कातडी असावी की कापडी यावर दोन विद्वानांनी भांडावे आणि आतली पाने कसरीने खाल्लेली आहेत हे दोघांनीही पाहू नये, तसा हा प्रकार आहे.

३

आता इतिहासाकडे वळू. ‘त्या काळी पोलादीच कॅलिपर असत’ हे अस्सलवाद्यांचे आधारवाक्य आहे. ते खरे आहे काय?

इंग्लंडमध्येच गेरी बर्जेस यांच्या ‘जीबी’ या छापाचे ब्रेक ‘हिड्युमिनियम’ या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे होते आणि ते दुसऱ्या महायुद्धानंतरच्या पहिल्या काही वर्षांतच सायकलस्वारांच्या हाती आलेले होते. फ्रान्समध्ये क्लेरमाँ-फेराँ येथील ‘माफाक’चे मधून खेचले जाणारे ब्रेक १९५० च्या दशकात सर्वदूर पोचले होते. स्वित्झर्लंडच्या शाफहाउझेन येथील ‘वाइनमान’चे ॲल्युमिनियमचे कॅलिपर, इटलीतील ‘युनिव्हर्सल’चे कॅलिपर हेही त्याच काळातले. कांपान्योलोचा प्रसिद्ध ‘रेकॉर्ड’ ब्रेक १९६८ चा आहे. ज्यांना रिमवर रबर घासण्याची रीतच नको होती त्यांच्यासाठी स्टर्मी-आर्चरने १९३० च्या दशकापासून हबच्या आत बसणारे ड्रम ब्रेक बनवले. पावसाचा त्यांच्यावर फारसा परिणाम होत नसे. नॉटिंगहॅमला पाऊस म्हणजे काय हे ठाऊक होते.

तात्पर्य, ज्या काळाच्या नावाने अस्सलवादी शपथ वाहतात तो काळ एकमुखी नव्हता. त्या काळात पोलादही होते, मिश्रधातूही होता, ड्रमही होता. कोणती सायकल कशाने थांबावी हे प्रामुख्याने तिच्या किमतीवरून ठरे. चांगला खर्च करू शकणारा क्लबचा सायकलपटू हलका ब्रेक लावी. रोज कारखान्यात जाणाऱ्या कामगाराला पत्र्याचा ब्रेक मिळे, कारण तो स्वस्त पडे आणि लाखोंच्या संख्येने ठोकून काढता येई. पोलादी कॅलिपर ही त्या युगाची अभिरुची नव्हती, तो त्या युगाचा हिशेब होता.

इथे एक वाङ्मयीन साक्ष काढायला हरकत नाही. ॲलन सिलिटो यांची ‘सॅटरडे नाइट अँड संडे मॉर्निंग’ ही कादंबरी १९५८ साली आली. तिचा नायक आर्थर सीटन नॉटिंगहॅमच्या सायकल कारखान्यात लेथवर काम करतो आणि नगावर मजुरी मिळवतो. सिलिटो स्वतः किशोरवयात रॅलेच्या कारखान्यात राबलेले होते. आर्थरच्या दृष्टीने हातातला सुटा भाग म्हणजे कंटाळा, तेलाचा वास आणि आठवड्याच्या शेवटी मिळणारे पैसे. जास्त नग काढले तर दर कापला जाईल, कमी काढले तर खिसा रिकामा राहील, या कात्रीत तो दिवस काढतो. आज त्याच कारखान्यातल्या सुट्या भागांकडे बोट दाखवून ‘काय ती कारागिरी, काय तो जिव्हाळा’ असे उद्गार काढणाऱ्यांनी ही कादंबरी एकदा वाचावी. ‘जिव्हाळा’ हा शब्द आर्थरने कोणत्या शेलक्या शब्दांनी परतवला असता याची कल्पना मग येईल.

४

आता सिद्धान्ताची बाजू. ‘मूळ’ म्हणजे कोणत्या क्षणाचे मूळ?

आपल्याला हा प्रश्न नवा नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, कारण पाठांतरांनी आणि लेखकांच्या हातांनी ती बिघडली आहे असे त्यांना दिसले. पुढे १९०९ साली इतिहासाचार्य राजवाड्यांनी ज्ञानेश्वरी छापली ती एकनाथपूर्व प्रतीची म्हणून. दोघेही मुळाचाच शोध घेत होते, पण दोघांना सापडलेली मुळे वेगळी होती. या घटनेपासून आपण विद्यार्थ्यांना जे शिकवतो ते असे की मूळ ही जमिनीतून उकरून काढायची वस्तू नसते. कोणत्या प्रतीला का प्रमाण मानले याचा संपादकाने हिशेब द्यायचा असतो आणि नाकारलेले पाठ तळटीपेत जपायचे असतात.

सायकलीला हाच न्याय लावून पाहा. १९५५ साली कारखान्यातून बाहेर पडलेली सायकल, दुकानदाराने खोगीर बदलून विकलेली सायकल आणि मालकाने तीस वर्षे वापरताना टायर, ट्यूब, वायरी, रबरे, साखळी बदलत नेलेली सायकल, यांतली अस्सल कोणती? अस्सलवादी बेधडक पहिलीकडे बोट दाखवतात. कारखान्याच्या दाराशी असलेला एक क्षण त्यांनी पूजेला लावला आहे आणि नंतरची तीस वर्षे प्रक्षिप्त ठरवली आहेत. समीक्षेत लेखकाच्या हेतूलाच अर्थ मानणारा पक्ष असतो, त्याचीच ही लोखंडी आवृत्ती. त्या पक्षाच्या विरोधात आपण वर्गात अर्धा अर्धा तास बोलतो. मग एखादी वस्तू चकचकीत दिसली की आपली सगळी चिकित्सा कुठे जाते?

याहून मोठी विसंगती अशी की अस्सलवादी स्वतःच आपला नियम पाळत नाहीत. १९५५ चे टायर आणि ट्यूब लावून कोणीही रस्त्यावर येत नाही. ते नवे घेतले जातात आणि त्याबद्दल कुणाची समाधी भंगत नाही. इटलीत गायोले इन किआंती येथे १९९७ पासून भरणाऱ्या ‘लेरोइका’ या जुन्या सायकलींच्या मेळाव्याचे नियम पाहा. सायकल १९८७ पूर्वीची असावी, गिअरच्या कळा खालच्या नळीवर असाव्यात, पायट्यांना पट्टे असावेत, ब्रेकच्या वायरी हँडलच्या बाहेरून जाव्यात. वायरीचा मार्ग नियमात आहे, कारण तो छायाचित्रात दिसतो. धुळीच्या उतारावर सायकल किती अंतरात थांबावी, हा प्रश्न या अटींच्या कक्षेत येतच नाही.

टायरला सूट का मिळते आणि ब्रेकला का मिळत नाही, याचे उत्तर फारसे शोभादायक नाही. कुजलेला टायर पहिल्याच दिवशी मालकाला चालायला लावतो. दुबळा ब्रेक मात्र कोरड्या रविवारी सकाळी कधीच उघडा पडत नाही. तो उघडा पडतो पावसात, उतारावर, एखादे मूल चेंडूमागे धावत आले तेव्हा. टायरची किंमत चालवणारा मोजतो. ब्रेकची किंमत बहुधा दुसरा मोजतो. दुसऱ्याच्या खिशातून फेडता येत असल्यामुळे ही निष्ठा इतकी कडक राहू शकते, असा आमचा आरोप आहे.

५

आपल्याकडे या छंदाला आणखी एक पुट चढते ते स्मरणरंजनाचे. मराठी ललित गद्यातील सायकल ही बहुतेकदा वडिलांची, मास्तरांची किंवा पोस्टमनची असते. ती काळी असते, तिची घंटा गोड वाजते आणि तिच्यावर बसून सगळा भूतकाळ सावकाश जात असतो. तिला ब्रेक होते की नव्हते हे कुणी लिहीत नाही.

वस्तुस्थिती अशी की स्वातंत्र्यानंतर आपल्याकडे सायकल हे कष्टकऱ्याचे वाहन झाले. १९४९ साली स्थापन झालेली मद्रासची टीआय सायकल्स, १९५१ ची सोनीपतची ॲटलस, १९५६ ची लुधियानाची हिरो या कारखान्यांनी इंग्लिश घाटाची तीच जड सायकल वर्षानुवर्षे काढली, कारण ती टिकाऊ होती, कोपऱ्यावरच्या दुकानात दुरुस्त होई आणि तिच्यावर दुधाच्या किटल्या, भाजीची पोती, गॅसची टाकी असे काहीही लादता येई. (ॲटलसचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० रोजी, म्हणजे नेमका जागतिक सायकल दिनी बंद पडला. स्मरणरंजनात ही तारीख सहसा येत नाही.) पाऊस लागला की दूधवाला पाय जमिनीला घासत सायकल थांबवी. ते दृश्य चित्रमय आहे यात शंका नाही. पण त्या माणसाला पर्याय नव्हता. पर्याय असता तर त्याने पहिल्या पावसाआधीच ब्रेक बदलला असता आणि जुने कॅलिपर भंगारात घातले असते.

ज्याच्याकडे पर्याय नव्हता त्याची अडचण घेऊन ज्याच्याकडे सगळे पर्याय आहेत त्याने तिची अभिरुची बनवावी, याला आम्ही जतन म्हणायला तयार नाही. जात्यावरच्या ओव्यांवर आपण प्रबंध लिहितो, पण त्यासाठी कुणा बाईने पहाटे चारला उठून दळावे असे म्हणत नाही. म्हणू लागलो तर आपल्याला कुणीही शहाणे म्हणणार नाही. मग सायकलीच्या बाबतीत हे तारतम्य का सुटावे?

६

काही आक्षेप अपेक्षित आहेत. त्यांतल्या तिघांचा विचार करू.

पहिला आक्षेप असा की जुनी वस्तू हा पुरावा असतो, भाग बदलला की पुरावा नष्ट होतो. हा आक्षेप सर्वांत वजनदार आहे आणि त्याचा मान राखलाच पाहिजे. इंग्लंडमध्ये १८७७ साली विल्यम मॉरिस यांनी प्राचीन वास्तूंच्या रक्षणासाठी संस्था काढली ती जीर्णोद्धाराच्या नावाखाली चाललेल्या तोडफोडीविरुद्ध. जुने खरवडून ‘आणखी जुने’ दिसणारे नवे करणे त्यांना मान्य नव्हते. आम्हालाही नाही. परंतु मॉरिस यांच्या तर्काने पाहिले तर दोषी कोण ठरतो? झिजलेल्या सायकलीवरचे मूळ रंग आणि शिक्के काढून, बाजारातून त्याच सालचे सुटे भाग गोळा करून ती कारखान्यातून काल निघाली अशी दाखवणारा. उलट काढलेले कॅलिपर तेल लावून, कागदात गुंडाळून, कधी आणि का काढले याची चिठ्ठी घालून पेटीत ठेवणारा माणूस पुरावा जपत असतो. आपल्या भाषेत सांगायचे तर तो पाठभेद तळटीपेत देतो. अट एकच, बदल मागे घेता येण्याजोगा हवा.

दुसरा आक्षेप असा की आम्ही हळू चालवतो, रविवारी चालवतो, कोरड्या दिवशी चालवतो. ठीक आहे. कोरड्या रस्त्यावर, सपाटीला, सावकाश चालणाऱ्या सायकलीला नीट जुळवलेले पोलादी कॅलिपर पुरतात, हे आम्ही नाकारत नाही. पण पुण्यात किंवा कोकणात जून ते सप्टेंबर आकाशाशी करार कोण करणार? आणि ज्याला हळू चालवूनच सुरक्षित राहता येते त्याने आपला ब्रेक चांगला आहे असे तरी म्हणू नये.

तिसरा आक्षेप असा की हीच वाट धरली तर शेवटी नवीच सायकल घ्यावी लागेल, मग थांबायचे कुठे? सीमारेषा आखणे अवघड नाही. ज्या भागाच्या बिघाडाने चालवणाऱ्याची केवळ गैरसोय होते तो भाग जुना ठेवावा. ज्या भागाच्या बिघाडाने तिसऱ्याच माणसाला इजा होते तो भाग आजच्या कसोटीवर उतरला पाहिजे. खोगीर कातडी असू द्या, घंटा जुनी असू द्या, पायट्या खडखडू द्यात. ब्रेक, पुढचा फोर्क आणि रात्रीचा दिवा यांना मात्र हा लाड परवडत नाही. जुन्या वळणाच्या सायकली आजही बनवणाऱ्या स्ट्रॅटफर्डच्या पॅशली या १९२६ पासूनच्या इंग्लिश कंपनीने आपल्या पारंपरिक रोडस्टरसाठी हबमधले ड्रम ब्रेक निवडले, ते उगीच नव्हे. परंपरा चालवणाऱ्याला थांबावेही लागते.

७

टीकेबरोबर पर्याय द्यावा हा समीक्षेचा जुना संकेत आहे, म्हणून निवड कशी करावी हेही सांगतो.

पहिला प्रश्न कॅलिपरचा नसून रिमचा आहे. सायकल पावसात चालणार असेल तर त्याच मापाच्या ॲल्युमिनियमच्या रिम जुन्या हबवर विणून घ्याव्यात. जुने हब राहतात, तीन गिअरही राहतात आणि जुने पोलादी कॅलिपरसुद्धा नव्या रिमवर लक्षणीय चांगले काम करतात. ज्यांना क्रोमची रिम सोडवत नाही त्यांच्यासाठी चामड्याचा थर असलेली ब्रेकची रबरे हा मध्यममार्ग आहे. ओल्या क्रोमवर चामडे साध्या रबरापेक्षा बरे धरते. ब्रिटनच्या फायब्रॅक्स कंपनीने खास पोलादी रिमसाठी अशी रबरे काढली होती. ॲल्युमिनियमच्या रिमवर मात्र ती लावू नयेत.

दुसरी गोष्ट वायरींची. नवी वायर आणि आतून अस्तर असलेले नवे आवरण बाहेरून ओळखूही येत नाही, पण मुठीचा जोर वाया जाणे कमी होते. काळाचे सोवळे मोडल्याचा आरोप त्यावर कुणी करणार नाही, कारण तो दिसतच नाही.

तिसरी गोष्ट जुन्या कॅलिपरच्या परीक्षेची. बाहू वाकलेले नसावेत, मधल्या बोल्टवर खुळखुळ नसावी, स्प्रिंगने बाहू झटक्यात मागे यावेत, क्रोमखालचा गंज खोलवर खाल्लेला नसावा. रबर धरणारा डबा एका टोकाला उघडा असेल तर त्याचे बंद टोक सायकलीच्या पुढच्या दिशेला हवे. ब्रेकच्या जागी रिम पुढच्या दिशेने जात असते. डबा उलटा बसला तर ब्रेक लावताच रबर निसटून पडते. ज्यांना कॅलिपरवरच्या शिक्क्याचे साल तोंडपाठ असते त्यांनी हे टोकही एकदा तपासून पाहावे.

चौथी गोष्ट, कॅलिपर बदलायचेच ठरले तर बोल्टाच्या माथ्याला साधा नट असलेले घ्यावेत. आजचे बहुतेक कॅलिपर फोर्कच्या मागून आत शिरणाऱ्या लांब नटाने बसतात आणि त्यासाठी जुन्या फोर्कचे भोक मोठे करावे लागते. ते करू नये. पाडलेले भोक बुजत नाही, आणि सुधारकांच्या उतावळेपणाला आमचा विरोध आहे तो इथेच. लांब पोच असलेले, साध्या नटाचे, ॲल्युमिनियमचे कॅलिपर आजही बनतात. टेक्ट्रोचे पंचावन्न ते त्र्याहत्तर मिलिमीटर पोचीचे कॅलिपर त्या वर्गातले. घेण्यापूर्वी बोल्टपासून रिमपर्यंतचे अंतर पट्टीने मोजावे. काळाची मोजणी त्यानंतर करावी.

पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे सायकल संग्रहालय आहे. ज्यांना जुनी सायकल तिच्या काळाच्या अंगोपांगांसह पाहायची आहे त्यांच्यासाठी अशी संग्रहालये असतात आणि ती असलीच पाहिजेत. तिथे उभ्या असलेल्या सायकलीवरचा पोलादी ब्रेक कुणाचेही वाकडे करीत नाही. मात्र एखादी सायकल दाराबाहेर रस्त्यावर आणली की ती केवळ आपली वस्तू राहत नाही. पुढे चालणारा म्हातारा, शाळेतून सुटलेली मुले, भाजीची हातगाडी यांच्याशी तिचा संबंध जडतो, आणि या लोकांनी आपल्या अभिरुचीला संमती दिलेली नसते. त्यांच्यासमोर सायकल वेळेवर थांबते की नाही, एवढेच त्यांना हवे असते. तेवढे देऊन झाल्यावर उरलेल्या अस्सलपणाविषयी आपण आणि अस्सलवादी सवडीने वाद घालू.